बाप्तिस्मा नोंदींवरून पूर्वज शोधताना : फॅमिलीसर्च, आठ महिन्यांनंतर

आधी एक गैरसमज काढून टाका. जनगणनेत पणजोबांचं नाव सापडत नाही. इंग्लंडच्या जुन्या जनगणनेत घरागणिक नावं मिळतात, म्हणून इथेही मिळतील असं वाटतं. आपल्याकडे 17 फेब्रुवारी 1881 ला देशभर एकाच वेळी शिरगणती झाली खरी, पण छापले गेले ते आकड्यांचे तक्ते. नावानिशी भरलेली पत्रकं जपली नाहीत. पुढच्या नोंदी 1948 च्या जनगणना कायद्याचं कलम 15 पाहू देत नाही. त्यात महिना घालवू नका.

फॅमिलीसर्च ही पूर्वजांच्या नोंदी शोधायची साईट, खातं फुकट आहे. भारताच्या बाप्तिस्मा सूचीत देवळाली छावणीतली गोरी कुटुंबं पटकन सापडतात, मराठी ख्रिस्ती नावं मात्र तुरळक. शोधताना आडनाव रिकामं ठेवा, फक्त बापाचं नाव टाका. ‘शिंदे’ पाद्र्याच्या कानाला जसं ऐकू आलं तसं उतरलंय, त्यामुळे स्पेलिंगमध्ये शंका असलेल्या एका अक्षराजागी प्रश्नचिन्ह, अनेक अक्षरांजागी तारका. नाशिकचंही स्पेलिंग कधी एकच एस, कधी डबल एस आणि शेवटी सी-के. शिवाय नाशिक जिल्हा झाला 1869 मध्ये. त्याआधीचं मालेगाव, बागलाण खानदेशात शोधायचं आणि नाशिक अहमदनगरात.

सूचीवर थांबू नका, मूळ पान बघा. अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, नमुन्यात बाप्तिस्म्याची तारीख आणि ‘जन्म झाल्याचे सांगितलेली’ तारीख असे दोन रकाने असतात, आणि सूची करणारा त्यांची सर्रास अदलाबदल करतो. मग मुलाचं नाव, आईबापांची नावं, राहण्याचं ठिकाण, बापाचा धंदा. कॅथलिक वही लॅटिनमध्ये असेल तर ‘जोसेफी’ म्हणजे निराळा माणूस नव्हे, ‘जोसेफचा’. प्रौढाच्या बाप्तिस्म्यात वय अंदाजे धरा.

खरी अडचण इथेच येते. जुनं हिंदू नाव पुसलं गेलेलं असतं, आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीतून मागे जायला वाट उरत नाही. अशा वेळी लग्नाची नोंद काढा. 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्याच्या नमुन्यात दोघांच्याही बापांची नावं लिहावी लागतात, आणि बाप ख्रिस्ती झालेला नसेल तर त्याचं मूळ नाव तिथे मिळू शकतं. ते आणि गाव हाती आलं की तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूंची नोंदवही (गाव नमुना 14) मागायची. जुनी पानं मोडी लिपीत, वाचणारा सोबत न्या. नाशिकच्या रामकुंडावरच्या उपाध्यांच्या वंशावळीच्या वह्याही गाव-आडनावावरूनच उघडतात. तिथला शक असेल तर इसवी सनासाठी 78 मिळवा, पौष ते फाल्गुनातला जानेवारी-मार्च असेल तर 79.

नाशिकजवळच्या शरणपूरचं मिशन 1854 चं. तिथे गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलंही शिकली, त्यामुळे केनियातल्या मोम्बासाकडची कुटुंबंही नाशिकपर्यंत माग काढत येतात. मिशनची पत्रं बर्मिंगहॅम विद्यापीठात आहेत, पण चर्चची वही इथे पाळकांकडेच विचारायची. साल आणि दोन्ही नावं लिहून न्या, ‘जरा सगळं बघू’ म्हटलं की नकार ठरलेला.

साईटला पाचपैकी तीन. फोटो काढू दिला तर एकाच ओळीचा काढू नका, अख्ख्या पानाचा काढा. भाऊबंदांचे बाप्तिस्मे बऱ्याचदा एकाच दिवशी, खालोखाल नोंदलेले असतात.