बाहेरच्या क्यूजीआयएसला आपला डेटा देताना : जिओसर्व्हरसोबतचा एक पावसाळा

पर्जन्यजल वाहिन्या, चेंबर आणि पाणी तुंबल्याच्या तक्रारी नोंदवणाऱ्या आमच्या अ‍ॅप्लिकेशनचा डेटा ठाण्यातील कार्यालयात पोस्टजीआयएसमध्ये (पोस्टग्रेस डेटाबेसला नकाशाचा डेटा साठवण्यासाठी असलेली जोड) राहतो, आणि नवी मुंबईतील ज्या सल्लागारांना त्यावरून नकाशे करायचे असतात ते क्यूजीआयएस हे नकाशे करण्याचे सॉफ्टवेअर वापरतात. शेपफाइल (नकाशाच्या डेटाच्या फाइली) ईमेलने पाठवण्याची पद्धत बंद करून आम्ही उन्हाळ्यात जिओसर्व्हर, म्हणजे नकाशाचा डेटा वेबवरून देणारा सर्व्हर, बसवला.

क्यूजीआयएस थेट डेटाबेसला जोडता येते आणि वेगही उत्तम मिळतो. परंतु त्यासाठी ५४३२ हा डेटाबेसचा पोर्ट बाहेरच्यांसाठी उघडावा लागतो, जे आम्हाला मान्य नव्हते. त्याऐवजी एचटीटीपीएसवरून डब्ल्यूएफएस (नकाशातील नोंदी वेबवरून देण्याची प्रमाणित सेवा) दिले आणि त्याची सेवा-पातळी ‘बेसिक’ ठेवली, त्यामुळे बाहेरून कोणालाही नोंदी बदलता येत नाहीत.

खरे कष्ट पडले ते कोणाला काय दिसावे हे ठरवताना. तक्रारदाराचे नाव आणि मोबाइल क्रमांक वगळलेले व्ह्यू (टेबलातील निवडक माहितीच दाखवणाऱ्या साठवलेल्या क्वेरी) तयार करून जिओसर्व्हरच्या खात्याला केवळ तेच वाचण्याचा अधिकार दिला. प्रभागानुसार ओळी गाळण्यासाठी पोस्टग्रेसची ओळनिहाय सुरक्षा (कोणत्या खात्याला कोणत्या ओळी दिसाव्यात हे डेटाबेसनेच ठरवणे) मोहक वाटते, पण जिओसर्व्हर डेटाबेसशी सहसा एकाच खात्याने बोलतो, त्यामुळे विचारणारा सल्लागार कोण हे डेटाबेसला कळत नाही. शिवाय व्ह्यू मूळ टेबल वाचतो तो आपल्या मालकाच्या अधिकाराने. विचारणाऱ्याचे अधिकार लागू करणारा ‘सिक्युरिटी इन्व्होकर’ पर्याय पोस्टग्रेसच्या आवृत्ती १५ पासूनच मिळतो. सत्र सुरू होताना वापरकर्त्याचे नाव एसक्यूएलमधून पुढे पाठवता येते, तरी आम्ही प्रत्येक सल्लागारासाठी वेगळा व्ह्यू आणि त्या लेयरपुरती (नकाशाच्या थरापुरती) परवानगी हा साधा मार्ग निवडला, कारण तो नव्या सहकाऱ्यालाही वाचून समजतो.

जिओसर्व्हरचा कॅटलॉग मोड (परवानगी नसलेले लेयर कसे हाताळायचे याची सेटिंग) मुळात ‘हाइड’ असतो. लॉगिन जोडायला विसरलेल्या माणसाला तो पासवर्ड विचारत नाही, नुसती रिकामी यादी दाखवतो, आणि मग ‘लेयर गायब झाले’ म्हणून फोन येतात. गोपनीयतेसाठी आम्ही तो तसाच ठेवला आहे. फोन घेणे परवडते.

सल्लागारांना एक सूचना मात्र आग्रहाने द्यावी लागते. क्यूजीआयएसमधील जोडणीच्या ‘बेसिक’ टॅबमध्ये पासवर्ड साठवला तर तो प्रोजेक्टच्या फाइलमध्ये उघड्या अक्षरांत जाऊ शकतो, आणि अशा फाइली व्हॉट्सअ‍ॅपवर सहज फिरतात. क्यूजीआयएसच्या ऑथेंटिकेशन व्यवस्थेत तोच पासवर्ड मास्टर पासवर्डखाली सांकेतिक रूपात राहतो आणि प्रोजेक्टमध्ये केवळ त्याचा आयडी जातो.

अद्ययावत राहण्याचा जाच जिओसर्व्हरमध्ये आहेच. २०२४ मध्ये उघड झालेल्या सीव्हीई-२०२४-३६४०१ या क्रमांकाच्या सुरक्षा-त्रुटीमुळे लॉगिन न करताही सर्व्हरवर कोड चालवता येत होता, आणि ती भेग डब्ल्यूएफएस आणि डब्ल्यूएमएस (नकाशाची चित्रे देणारी सेवा) यांच्या नेहमीच्या विनंत्यांतच असल्याने व्यवस्थापनाचे पान बाहेरून बंद ठेवणाऱ्यांचाही बचाव होत नव्हता. २.२३.६, २.२४.४ आणि २.२५.२ या आवृत्त्यांत ती बुजवली गेली. नियमित अपडेट करणारा माणूस कार्यालयात नसेल, तर हे साधन इंटरनेटवर उघडे ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वेगाबाबत तक्रार कायम आहे. मोठे लेयर डब्ल्यूएफएसवरून रेंगाळतात. पडद्यावर दिसणाऱ्या भागापुरत्याच नोंदी मागवण्याचा पर्याय क्यूजीआयएसमध्ये निवडल्यावर काम सुसह्य होते. कार्यालयातील आम्ही काही जण मात्र व्हीपीएनमधून, एसएसएलची पूर्ण पडताळणी ठेवून, आजही थेट डेटाबेसलाच जोडतो.