कुत्रा, बेडूक की पक्षी? मुलांबरोबर आधी कोणती ओरिगामी करावी

जुलैत पावसामुळे शाळेला सुट्टी जाहीर झाली की आमच्या मजल्यावरची तीन मुलं सकाळीच दारात उभी राहतात. एक पाच वर्षांची, एक सात आणि एक नऊ. खाली चौकात पाणी, त्यामुळे दुपारपर्यंत ती घरातच. दोन पावसाळे आम्ही कागदाच्या घड्या घालण्यात काढले. कोणती वस्तू दिसायला किती गोड, हे मी आता बघत नाही. मी एकच बघते: मुलाच्या कागदाला मला किती वेळा हात लावावा लागला? कारण शेवटची घडी मी घातली, तर तो बेडूक मुलाचा राहत नाही. मुलांना हे लगेच कळतं आणि ती तो तिथेच टाकून जातात.

कुत्र्याचं आणि मांजराचं तोंड हे सर्वांत सोपं. चौरस कागद कोपऱ्याला कोपरा लावून दुमडायचा, त्रिकोणाची लांब बाजू वर ठेवायची, दोन्ही टोकं खाली तिरपी आणली की कान, खालचं टोक वर दुमडलं की नाक. मांजरासाठी त्रिकोण उलटा धरायचा, वरचं टोक थोडं खाली घ्यायचं, बाजूची टोकं वर उभी करायची आणि कागद पालथा करायचा. पाच वर्षांच्या मुलीला माझी मदत फक्त पहिल्या घडीला, टोकं जुळवताना लागली. कान वाकडे झाले तरी चालतं. एक कान लांब असलेला कुत्रा तिला जास्तच आवडला. डोळे काढले, नाव ठेवलं, दिवसभर सांभाळला. नऊ वर्षांच्या मुलाला मात्र हे दहा मिनिटंही पुरलं नाही. त्याच्यासाठी हे निवडू नका.

उडी मारणाऱ्या बेडकाला मी पहिला नंबर देईन. त्याला चौरस नको, रुंदीच्या दुप्पट लांबीचा कागद हवा, आणि थोडा जाड असला तर उत्तम. घरात पडलेली जुनी व्हिजिटिंग कार्डं नेमकी दुप्पट नसतात, पण छान चालतात. वरच्या भागात फुलीसारख्या दोन तिरप्या घड्या घालायच्या, मग कार्ड पालथं करून फुलीच्या मधून एक आडवी. ती उलट्या बाजूने पडली पाहिजे, सगळी गंमत त्यातच आहे. नंतर फुलीच्या मध्यावर बोटाने दाबलं की बाजू आपोआप आत येतात आणि वर त्रिकोण तयार होतो. तो क्षण बघायला मिळावा म्हणून तरी बेडूक करा. सात वर्षांच्या मुलीने तो त्रिकोण पुन्हा उघडला आणि पुन्हा बसवला, पाच-सहा वेळा. पुढे पाय वर दुमडायचे, बाजू मध्यावर आणायच्या आणि मागे एक घडी पुढे, एक मागे अशी स्प्रिंग करायची. ही शेवटची घडी नखाने घट्ट दाबू नका, मेली की बेडूक उडत नाही.

मग लादीवर शर्यत. कुणाचा बेडूक किती लाद्या ओलांडतो? इथे नऊ वर्षांचा मुलगाही खाली बसला आणि स्वतःहून लहान कागद, मोठा कागद, जाड, पातळ असे प्रयोग करू लागला. मुंबईच्या हवेचा त्रास मात्र सगळ्यात जास्त बेडकालाच होतो. पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेला कागद दमट होतो, घडी सैल पडते आणि सकाळचा चपळ बेडूक संध्याकाळी नुसता सरकतो. आम्ही ते रात्री बिस्किटांच्या डब्यात झाकून ठेवतो.

आता पक्षी. ओरिगामी म्हटलं की बहुतेकांना जपानी क्रौंचच आठवतो. ६ ऑगस्टच्या हिरोशिमा दिनाच्या सुमारास आमच्याकडे शाळेतून तो करून आणायचा निरोप येतो. हिरोशिमाची सदाको सासाकी ही मुलगी अणुबॉम्ब पडला तेव्हा दोन वर्षांची होती आणि १९५५ साली, बारा वर्षांची असताना, ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाने, गेली. रुग्णालयात तिने केलेल्या कागदी क्रौंचांमुळे तो शांततेचं चिन्ह झाला. ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी, पण पाच-सहा वर्षांच्या मुलाकडून क्रौंचाची अपेक्षा करू नये. चौरसाचे थर उघडून पाकळीसारखी लांबट घडी घालायची असते, तिथे लहान बोटं अडतात आणि आपला हात नकळत पुढे जातो. शिवाय मान आणि शेपूट बारीक करताना बरेच थर एकावर एक येतात, त्यामुळे जाड कागद तिथे फुगतो नाही तर फाटतो.

नऊ वर्षांच्या मुलासाठी मी आधी पंख हलवणारा पक्षी सुचवेन. त्याचा पाया क्रौंचाचाच असतो, पण मान-शेपूट बारीक करण्याची पायरी नसते. छातीला धरून शेपूट ओढली की पंख हलतात. आमच्या मुलाने तिसऱ्या प्रयत्नात तो एकट्याने केला, आणि मग क्रौंच त्याला अर्धा येतच होता.

कागदाचं थोडक्यात सांगते. ओरिगामीचे १५ सेंटिमीटरचे तयार चौरस पक्ष्याला सर्वोत्तम: पातळ, एका बाजूने रंगीत, आणि मुलाला वरची बाजू कोणती ते सांगावं लागत नाही. शाळेच्या हस्तकलेचा घोटीव कागद कुत्र्या-मांजराला चांगला, पण वारंवार उघडझाप केली की घडीवर पांढरी रेघ उमटते. वर्तमानपत्र घडी धरत नाही आणि शाई बोटांना लागते. त्याच्या टोप्या कराव्यात. आणि पंखा बंद करावा लागतो, हे मे महिन्यात बसणार असाल तर आधीच ठरवा.

तिन्ही वयांची मुलं एकत्र असतील तर साधा ए-४ कागद घ्या. तो २१ बाय २९.७ सेंटिमीटरचा असतो. चौरस कापला की ८.७ सेंटिमीटर रुंद पट्टी उरते. ती उभी दोन भागांत चिरा आणि प्रत्येकीचे ८.७ सेंटिमीटरचे दोन तुकडे करा. नेमक्या दुप्पट लांबीचे चार तुकडे मिळतात. चौरसाचा कुत्रा लहानीचा, बेडूक तिघांचे, आणि चौथा तुमचा.