ट्री बॉरोज, मिरी आणि रॉकमधल्या सिद्धता: काही महिने वापरल्यावर

रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत अनसेफ कोड (ज्याची मेमरी-सुरक्षा कंपायलर पूर्ण तपासू शकत नाही) लिहायचा तर मिरी, म्हणजे कोड चालवून त्यातला नियमभंग पकडणारं टूल, चालवा, हा सल्ला सगळेच देतात. मी बरेच महिने मिरी ट्री बॉरोजच्या नियमांवर (एकाच जागेकडे अनेक रेफरन्स असताना काय चालतं हे सांगणारं मॉडेल) चालवतोय आणि जोडीला त्या नियमांच्या रॉकमधल्या (संगणकाकडून गणिती सिद्धता तपासून घेण्याचं साधन, आधीचं नाव कॉक) सिद्धताही वाचतोय. सिद्धता वाचायला जड आहेत. पण एरवी कटकट वाटावी अशी मिरीची तक्रार त्यांच्यामुळेच पटते.

एक साधं फंक्शन घ्या. त्याला दोन म्युटेबल रेफरन्स (ज्यांतून लिहिता येतं असे) येतात, एक्स आणि वाय. एक्समध्ये ५ लिहायचे, वायमध्ये ९, मग एक्स वाचून परत द्यायचा. जागा वेगळ्या असतील तर कंपायलर शेवटचं वाचन गाळून सरळ ५ देऊ शकतो. पण रॉ पॉइंटरवरून (कंपायलर ज्यावर पहारा ठेवत नाही असा पत्ता) दोन्ही रेफरन्स एकाच जागेचे बनवले, तर ऑप्टिमायझेशनशिवाय ९ येतात. दोष कोणाचा? ट्री बॉरोजमध्ये प्रत्येक रेफरन्सला टॅग (ओळखखूण) असतो, कोण कोणापासून बनला त्यानुसार टॅगचं झाड बनतं आणि आर्ग्युमेंट म्हणून आलेल्या रेफरन्सला फंक्शन संपेपर्यंत प्रोटेक्टर असतो: तोवर त्याच्यापासून न बनलेल्या रेफरन्सने त्या जागेत लिहिणं चालत नाही. त्यामुळे मिरी वायपर्यंत पोचतच नाही, एक्समध्ये ५ लिहितानाच थांबतं. दोष कोडचा. आणि नियम पाळणारा बाकीचा कोड कसाही असला तरी ते वाचन गाळल्याने उत्तर बदलत नाही, अशा प्रकारची हमी सिद्धता देते. टेस्ट कितीही लिहिल्या तरी 'कसाही असला तरी' म्हणता येत नाही.

आधीचं मॉडेल स्टॅक्ड बॉरोज, २०२० चं. त्याच्याही सिद्धता होत्या, पण नियम फार कडक. एकाच स्लाइसवर (सलग घटकांच्या तुकड्यावर) आधी वाचायचा पॉइंटर घ्या, मग लिहायचा, आणि पहिला घटक दुसऱ्या जागी कॉपी करा. कोड निरुपद्रवी दिसतो, तरी स्टॅक्ड बॉरोज तो नाकारतं, कारण लिहायचा पॉइंटर घेताक्षणी आधीचा बाद होतो. ट्री बॉरोजमध्ये नवा म्युटेबल रेफरन्स प्रत्यक्ष लिहीपर्यंत 'रिझर्व्हड' राहतो, म्हणून हा कोड चालतो. २०२५ च्या पेपरमध्ये सर्वाधिक वापराच्या ३०,००० क्रेट्सवर (रस्टच्या पॅकेजेसवर) तुलना आहे: ट्री बॉरोज ५४ टक्के कमी टेस्ट नाकारतं. नियम सैल करूनही जुनी बहुतेक ऑप्टिमायझेशन्स टिकतात, शिवाय दोन वाचनांचा क्रम बदलण्याची मुभा नव्याने मिळते, आणि हे सगळं रॉकमध्ये तपासलेलं. मला सगळ्यात आवडलं ते हे.

आता उणिवा. सिद्धता एका छोट्या मॉडेल भाषेबद्दल आहेत, रस्टचा कंपायलर ज्याच्याकडून ऑप्टिमायझेशन करून घेतो त्या एलएलव्हीएमबद्दल नाहीत. हा फरक किरकोळ नाही: म्युटेबल रेफरन्सची नोएलियस माहिती (या जागेला दुसरं कोणी हात लावत नाही, ही एलएलव्हीएमला दिलेली खात्री) एलएलव्हीएममधल्या बग्जमुळे रस्टला अनेकदा बंद करावी लागली, ती रस्ट १.५४ मध्ये, २०२१ साली, परत सुरू झाली. मिरी संथ आहे आणि टेस्ट ज्या वाटेने जातात तेवढीच वाट तपासतं. सी लायब्ररीला कॉल असेल तिथे बहुतेकदा अडकतं.

शिवाय रस्टचे अधिकृत एलियसिंग नियम (एकाच जागेकडे अनेक वाटा असण्याचे) अजून ठरलेले नाहीत. म्हणून मी सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या तपासणीत) दोन्ही मॉडेल्स ठेवली आहेत. ट्री बॉरोजमध्ये फेल झालं तर मर्ज थांबतं. फक्त स्टॅक्ड बॉरोजमध्ये फेल झालं, तर त्या अनसेफ ब्लॉकवर कारण लिहिल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही.