‘बांधलेलं इंजिन आहे’ असं तो म्हणाला आणि मी हेड उघडायला लावलं नाही

आधी आकडा सांगून टाकतो. ५,८०० डॉलर. एवढे पैसे मोजून मी फोर्डचं जुनं फ्लॅटहेड व्ही-८ इंजिन आणलं. विकणाऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे ते नुकतंच बांधलेलं, म्हणजे पूर्ण उघडून नव्याने जुळवलेलं होतं, शून्य मैल चाललेलं. गाडीत बसवून वीस मिनिटं चालवलं आणि डिपस्टिक काढली, तर तिच्यावर दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाचं ऑइल, म्हणजे ऑइलमध्ये पाणी.

पैशांपेक्षा लाज जास्त वाटते. माझं लहानपण कोल्हापूरच्या उद्यमनगरात मामाच्या वर्कशॉपमध्ये गेलं. बोअरिंगला ब्लॉक (इंजिनाचा ओतीव सांगाडा) चढवला की टॉर्च धरून उभं राहायचं काम माझं. बिडाला तडा कुठे जातो आणि तो कसा शोधायचा हे मला दहावीच्या आधी ठाऊक होतं. तरी फसलो. इथे कॅलिफोर्नियात माझ्या ओळखीतलेच दोन-तीन मराठी लोक जुन्या गाड्यांच्या नादी लागले आहेत, त्यातला एक असंच इंजिन घ्यायला निघालाय. मुख्यतः त्याच्यासाठी लिहितोय.

फोर्डने १९३२ साली हे व्ही-८ काढलं. आठही सिलिंडर एकाच ओतकामात, २२१ घन इंच, ६५ हॉर्सपॉवर, आणि किंमत सामान्य माणसाला झेपेल अशी. व्हॉल्व्ह हेडमध्ये नाहीत, ब्लॉकमध्येच सिलिंडरच्या शेजारी असतात, त्यामुळे हेड म्हणजे नुसतं सपाट झाकण. म्हणून नाव फ्लॅटहेड. अमेरिकेतल्या फोर्ड गाड्यांत ते १९५३ पर्यंत बसत होतं. दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं भंगारातून हे इंजिन काढायची, फोर्डच्याच मॉडेल-ए रोडस्टर या उघड्या गाडीच्या हलक्या सांगाड्यात घालायची आणि एल मिराजच्या कोरड्या तळ्यावर पळवायची. वेगासाठी अशी बदललेली जुनी गाडी म्हणजे हॉट रॉड. आज ‘ट्रॅडिशनल’ हॉट रॉड बांधायचा म्हणजे त्याच काळातल्या वस्तूंनी बांधायचा. नवं इंजिन स्वस्त पडतं, दुप्पट ताकद देतं, पण मग माझ्या १९२९ च्या रोडस्टरला काय अर्थ राहिला? असं मला वाटतं. बायकोला अजून पटलेलं नाही.

या इंजिनाचं दुखणं त्याच्या घडणीतच आहे. जळालेला वायू बाहेर पडताना ब्लॉकच्या पोटातून, पाण्याच्या जॅकेटमधून वाट काढत जातो. एका बाजूला सिलिंडर चार, पण एक्झॉस्टची तोंडं तीनच; मधल्या दोन सिलिंडरांना मिळून एक. फ्लॅटहेडचा तो घोगरा, गुळण्या केल्यासारखा आवाज त्यातून येतो आणि मधल्या भागात साठणारी उष्णताही त्यातूनच. जॅकेटमध्ये ओतकामाची वाळू, कोअरची तार राहून गेलेली असली की पाणी नीट फिरत नाही. मग मधल्या एक्झॉस्ट सीटपासून (व्हॉल्व्ह टेकतो त्या कडेपासून) सिलिंडरच्या भिंतीपर्यंत तडा जातो. अमेरिकेत ओतलेला प्रत्येक ब्लॉक आता ७० वर्षांपेक्षा जुना आहे. म्हणजे तडा असणार असंच धरून चालायचं, आणि नाही हे विकणाऱ्याने सिद्ध करायचं. मी नेमकं उलटं धरून चाललो.

जाहिरातीत लिहिलं होतं: १९४९ चं मर्क्युरी (फोर्डचाच वरच्या दर्जाचा ब्रँड) इंजिन, २५५ घन इंच, चार इंच स्ट्रोकचा (म्हणजे पिस्टनच्या वर-खाली प्रवासाचा) क्रँक, ब्लॉक मॅग्नाफ्लक्स केलेला (चुंबकाने तडे तपासलेला), सगळं नवं. मर्क्युरीचा क्रँक म्हटल्यावर हॉट रॉडवाल्याच्या तोंडाला पाणी सुटतं. त्या वर्षांतल्या फोर्डचा स्ट्रोक पावणेचार इंच, मर्क्युरीचा चार. पाव इंचाचा फरक, पण त्यावर इंजिन २३९ चं २५५ होतं, आणि बोअर (सिलिंडरचा व्यास) ३ ५/१६ इंचापर्यंत वाढवलं तर २७६. फोटोत हेडवर ‘८सीएम’ ही मर्क्युरीची खूण स्पष्ट दिसत होती. माणूस शेजारच्या ॲरिझोनातला. फोनवर गोड, शांत, वयस्कर आवाज. “अजून दोघं बघायला येतायत, तुम्ही हजार पाठवलेत तर मी त्यांना नाही म्हणतो.” हजार डॉलर मी त्याच रात्री पैसे पाठवायच्या ॲपवरून पाठवले. पहिली चूक.

शनिवारी पिकअप भाड्याने घेऊन गेलो. सोबत आमचे शेजारी, वय ७८, ज्यांनी स्वतः तरुणपणी दोन फ्लॅटहेड बांधली होती. गॅरेज लखलखीत. स्टँडवर इंजिन, नुकताच मारलेला गडद निळा रंग, दोन स्ट्रॉमबर्ग ९७ कार्ब्युरेटर. त्याने बॅटरी जोडली, पेट्रोल दिलं आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. तो आवाज! आमचे शेजारी डोळे मिटून उभे राहिले. मिनिटभरात त्याने बंद केलं. म्हणाला, “रेडिएटर जोडलेला नाही ना, पाण्याशिवाय जास्त चालवायचं माझ्या जिवावर येतं.”

इंजिनाची किती काळजी घेतो हा माणूस, असं मला वाटलं. आता कळतं की पाणी भरून वीस मिनिटं चालवलं असतं तर सौदा तिथेच मोडला असता. पाणी नाही, तर गळती नाही.

मी एवढं विचारलं, “एक हेड काढून बघितलं तर चालेल?” त्याचा चेहरा पडला. रागावला नाही, दुखावला. नवं पॅकिंग, सगळे बोल्ट नीट टॉर्कला आवळलेले, आता उघडलं की पुन्हा सगळं करावं लागेल, आणि हे बघा मशीन शॉपचं बिल. एवढ्या लांब येऊन, त्याच्या बायकोने दिलेलं लिंबू सरबत हातात धरून, एका म्हाताऱ्या माणसाला खोटारडा कसं ठरवायचं? आपली भिडस्त जात. उरलेले ४,८०० रोख दिले. पावतीवर त्याने आपल्या हाताने ‘आहे त्या स्थितीत’ अशा अर्थाचे दोन शब्द लिहिले. मी वाचले आणि घडी करून खिशात घातले.

ते बिल मी घरी आल्यावर महिनाभराने नीट वाचलं. त्यात ब्लॉकचं नाव ‘५९ए’ आणि पुढे २४ स्टडचा उल्लेख. ५९ए म्हणजे १९४६ ते ४८ चा ब्लॉक. त्यात बेल हाउसिंगचा (इंजिनामागच्या क्लचच्या घराचा) वरचा अर्धा भाग ब्लॉकसोबतच ओतलेला असतो आणि हेड स्टडवर बसतं. माझ्यासमोरचं इंजिन १९४९ नंतरचं, बेल हाउसिंग वेगळं, हेडला स्टड नाहीत, बोल्ट. बिल खरं होतं, फक्त दुसऱ्याच इंजिनाचं. या ब्लॉकवर ओळखीचा सिरियल नंबर कोरलेला नसतो, त्यामुळे कुठलंही बिल कुठल्याही ब्लॉकला चिकटवता येतं. ‘मॅग्नाफ्लक्स केलं’ हे कागदावर असून उपयोग नाही. तपासणाऱ्याने ब्लॉकवर स्वतःची खूण मारलेली असली आणि तीच बिलावर असली तरच त्याला किंमत.

पुढचे तीन महिने गिअरबॉक्सचा अडॅप्टर, माउंटिंग, रेडिएटर यात गेले, त्याबद्दल लिहीत बसत नाही. पहिल्यांदा पाणी भरून तापवलं तेव्हा रेडिएटरमध्ये बारीक बुडबुडे आले. हवा अडकली असेल म्हणून मी स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या वेळी पांढरा धूर, आणि मग तो चहा.

इंजिन परत उतरवलं. इनटेक मॅनिफोल्ड काढलं तिथेच पोटात गोळा आला. खाली व्हॉल्व्हच्या दरीत काळा, डांबरासारखा मळ, बोटभर जाड. शून्य मैलांच्या इंजिनात! बाहेरून रंग, आत ७० वर्षांचा चिखल. ऑइल पॅनमधून निघालेलं ऑइल मधासारखं घट्ट होतं; खडखड दबावी आणि गेजचा काटा वर राहावा म्हणून काहीतरी दाट द्रव ओतलेला. बेअरिंगं झिजून आतलं तांबं दिसत होतं. हेड काढून पिस्टनचा प्रवास मोजला. पावणेचार इंच. क्रँक साध्या फोर्डचा, हेड तेवढी मर्क्युरीची. ब्लॉकचं ओतकाम दोघांचं सारखंच, म्हणून नुसती हेड बदलली की बाहेरून फरक कळत नाही.

मधल्या एका सिलिंडरपाशी, सीट आणि बोअर यांच्या मधे, राखाडी रंगाची गुळगुळीत पट्टी होती. स्क्रेपर लावला तर ती पुटीसारखी निघून आली. इपॉक्सी भरून, घासून, वर हेड ठेवलेलं. मी कोल्हापूरला मामांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी तो ब्लॉक बघितला आणि पहिलं वाक्य, “आरं, घ्यायच्या आदी रॉकेल लावलं हुतंस का न्हाई?”

रॉकेल आणि खडू. उद्यमनगरात मी शंभरदा केलेलं काम. पृष्ठभाग घासून स्वच्छ करायचा, रॉकेल चोपडायचं, थोडा वेळ मुरू द्यायचं, कोरडं पुसायचं आणि वर खडूची पूड भुरभुरायची. तड्यात शिरलेलं रॉकेल हळूहळू वर येतं आणि पांढऱ्यावर ओली काळसर रेघ उमटते. मामांच्या देखत केलं. एक रेघ सीटपासून बोअरमध्ये उतरलेली. दुसरी शेजारच्या सिलिंडरला, इपॉक्सी न भरलेली. बहुतेक त्याला ती दिसलीच नव्हती. तिसरी बोल्टच्या भोकापासून पाण्याच्या भोकापर्यंत. मशीन शॉपवाला नंतर म्हणाला की ही तिसरी बऱ्याच फ्लॅटहेडमध्ये असते, तिला एवढं घाबरायचं कारण नाही. पहिल्या दोन मात्र पिना ठोकून, टाके घालून, वर स्लीव्ह बसवून दुरुस्त कराव्या लागतील, आणि त्यापेक्षा दुसरा ब्लॉक स्वस्त पडेल.

विकणाऱ्याला फोन केला. आवाज तितकाच गोड. “तुमच्यासमोर चाललं होतं की. तुम्हीच तापवलंत.” नंतर फोन उचलणं बंद. ॲपवरून पाठवलेले हजार परत मिळत नाहीत, कारण ते मी स्वतःच्या हाताने पाठवले. क्रेडिट कार्ड असतं तर बँकेशी भांडता आलं असतं. पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला. कॅलिफोर्नियाच्या छोट्या दाव्यांच्या कोर्टात १२,५०० डॉलरपर्यंत वकिलाशिवाय दावा लावता येतो, पण समोरचा परराज्यातला असला की तो दावा तिथे सहसा उभाच राहत नाही. ॲरिझोनात जाऊन खेटे घालायचे, तेही ‘आहे त्या स्थितीत’ची पावती खिशात घेऊन. जाहिरातीचा फोटो मी जपून ठेवलेला नव्हता, ही आणखी एक चूक. ती उतरवली गेल्यावर ‘मर्क्युरी क्रँक’ हे शब्द त्याने लिहिले होते याचा माझ्याकडे पुरावा काय?

आता त्या मित्राला, आणि जो कोणी घ्यायला निघालाय त्याला. हेड काढू देत नसेल तर निदान इनटेक मॅनिफोल्ड काढू दे म्हणा. थोडेसे बोल्ट आणि एक पॅकिंग, अर्ध्या तासाचं काम, आणि नवं पॅकिंग स्वतः विकत घेऊन जा म्हणजे त्याला सबब उरत नाही. दरीत मळ दिसला की गाडीत बसून घरी या. चालवून दाखवत असेल तर पाणी भरूनच. रंग ताजा असला तर जास्त संशय घ्या, कमी नाही. आणि शक्यतो बांधलेलं इंजिन घेऊच नका. मी शेवटी पोमोनाच्या बाजारातून १९५० च्या सुमाराचा गंजका, उघडा, सुटा ब्लॉक ४०० डॉलरला उचलला, तोही प्रेशर टेस्ट पास झाला तरच, अशा बोलीवर. विकणारा लगेच हो म्हणाला. त्याच्या हाताला ग्रीस होतं आणि सरबत नव्हतं.

जुना ब्लॉक महिनाभर गॅरेजच्या कोपऱ्यात पडून होता. मग एकाने तो कॉफी टेबल करायला मागितला. वर काच ठेवणार म्हणे. ७५ डॉलरला दिला. नेण्याआधी तड्यांवर पिवळा रंग मारला होता, पण रंगावर रंग चढतो हे मी आता शिकलोय. मामांच्या जुन्या डब्यातले अक्षरांचे पंच माझ्याकडे आहेत, इथे येताना त्यांनी दिलेले. हेड बसतं त्या सपाटीवर, दोन्ही बाजूंना, एकेक अक्षर हातोडीने ठोकून ‘क्रॅक्ड’ असं इंग्रजीत खोलवर उमटवलं आणि मगच ब्लॉक त्याच्या गाडीत चढवला.