एमजीबीला इलेक्ट्रॉनिक इग्निशन: बसवा, पण जुने पॉइंट फेकू नका

माझी गाडी १९७३ची एमजीबी जीटी, म्हणजे एमजी कंपनीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, क्रोम बंपरवाली, १७९८ सीसी, दोन एसयू कार्बोरेटर. इथे इंग्लंडमध्ये ही गाडी ठेवणाऱ्यांचे सरळ दोन तट आहेत. एक म्हणतो अॅबिंग्डनच्या फॅक्टरीतून निघाली तश्शीच ठेवा, दुसरा वेबर कार्ब, फोर्डचा फाइव्ह स्पीड गिअरबॉक्स, टेलिस्कोपिक शॉक असं सगळं बसवून मोकळा होतो. मी मनाने पहिल्या तटातला, तरी पर्ट्रॉनिक्सचं इग्नायटर किट (पॉइंटच्या जागी बसणारं इलेक्ट्रॉनिक इग्निशन) बसवलंय आणि ते आता काढणार नाही, म्हणून हा रिव्ह्यू.

ज्यांनी पद्मिनी किंवा जुनी चेतक चालवलीय त्यांना सीबी पॉइंटची, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरमधल्या ठिणगीसाठी करंट तोडणाऱ्या स्विचची, कटकट सांगायला नको. पॉइंटची टाच कॅमवर घासत राहते, गॅप कमी होत जातो, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे सरकतं आणि गाडी हळूहळू मरगळते, मग परत फीलर गेज घेऊन बसा. त्यात पॉइंटसोबत लागणारे, हल्ली मिळणारे नवे कंडेन्सर इतके भिकार असतात की पन्नास वर्षांचा जुना बरा वाटतो.

किट बसवायला अगदी सोपं आहे. डिस्ट्रिब्यूटर कॅपच्या दोन क्लिपा काढल्या, रोटर उचलला, पॉइंट आणि कंडेन्सर काढून त्याच स्क्रूच्या जागी छोटं काळं मॉड्यूल बसवलं, कॅमवर चुंबकाची रिंग दाबली, लाल तार इग्निशन कॉइलच्या प्लसला, काळी मायनसला, झालं. कुठे भोक पाडायचं नाही की काही कापायचं नाही. कॅप लावली की बाहेरून काही ओळखू येत नाही, मला हे सगळ्यात जास्त आवडलं. नंतर स्ट्रोब लाइटने टायमिंग मात्र परत लावाच, ते हलतंच.

फरक काय पडला? आयडलिंग एकदम स्थिर झालं आणि थंडीत पटकन स्टार्ट होते. पॉवर वाढते, अॅव्हरेज वाढतं वगैरे मला तरी काही जाणवलं नाही. आणि डिस्ट्रिब्यूटरच्या आतली, वेगाप्रमाणे टायमिंग पुढे नेणारी वजनं आणि स्प्रिंगा झिजल्या असतील तर हे किट त्याला काही करू शकत नाही, आधी डिस्ट्रिब्यूटर दुरुस्त करा.

मॉडिफिकेशनला माझा सरसकट विरोध नाही हो. केन कॉस्टेलोने एमजीबीत रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही८ घातलं आणि पुढे १९७३मध्ये एमजीने स्वतःच तेच इंजिन घालून जीटी व्ही८ काढली, अशी कामं भारीच. पण धडधाकट, मूळ बॉडीच्या गाडीचं बल्कहेड (इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत) कापलेलं बघितलं की जीव तुटतो, कारण ते परत जोडता येत नाही. इथे चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना वार्षिक एमओटी टेस्ट (गाडीची सक्तीची तपासणी) माफ आहे, चॅसी, अॅक्सल, इंजिन असं मोठं काही बदललं तर ती सूट जाऊ शकते. इग्निशन किटमुळे तसला काही प्रश्न येत नाही.

तोटा एकच पण मोठा. पॉइंट बिघडायच्या आधी कुरकुरतात, मॉड्यूल गेलं तर गाडी जागच्या जागी बंद. म्हणून जुने पॉइंट, कंडेन्सर आणि एक स्क्रूड्रायव्हर डिकीत असू द्या, रस्त्याच्या कडेला बसून परत पहिल्यासारखं करता येतं. इंजिन बंद ठेवून इग्निशन चालू सोडू नका, रेडिओ ऐकत बसायचं असेल तर चावी अॅक्सेसरीवरच, नाहीतर मॉड्यूल जळतं.

घेण्याआधी कॉइलचा रेझिस्टन्स मोजा, ३ ओहमच्या आसपास हवा, नंतरच्या रबर बंपरवाल्या गाड्यांत बॅलास्टची (वेगळा रेझिस्टन्स जोडून चालणारी) कॉइल असते तिथे वायरिंग वेगळं पडतं. १९६७पर्यंतच्या एमजीबी पॉझिटिव्ह अर्थच्या (बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला), त्यांचं किटच वेगळं येतं, ऑर्डर करताना नीट बघून घ्या.