हफपोस्ट : जमवलेल्या माणसांवर उभे राहिलेले वृत्त-संकेतस्थळ

9 मे 2005 रोजी ‘हफिंग्टन पोस्ट’ या नावाने सुरू झालेले आणि आता ‘हफपोस्ट’ म्हणून ओळखले जाणारे हे अमेरिकी वृत्त-संकेतस्थळ मी बरीच वर्षे वाचत आलो आहे. त्याच्या गुणांचा आणि दोषांचाही उगम मला संस्थापिका एरियाना हफिंग्टन यांच्या वाटचालीत दिसतो.

एरियाना यांचा जन्म 1950 मध्ये अथेन्समध्ये झाला. वडील पत्रकार होते, पण त्यांनी काढलेली वृत्तपत्रे तग धरू शकली नाहीत. मासिकातले केंब्रिजचे छायाचित्र पाहून तिथेच शिकायचे, असा हट्ट या मुलीने धरला आणि आईने तो मनावर घेतला. पुढे गर्टन कॉलेजात अर्थशास्त्र शिकत असताना, इंग्रजी ही मातृभाषा नसूनही, केंब्रिज युनियन या नामांकित वादसभेचे अध्यक्षपद तिने 1971 मध्ये मिळवले. 1980 मध्ये त्या न्यूयॉर्कला आल्या. लेखन, विवाह, घटस्फोट, उजव्या राजकारणाकडून डावीकडे झालेला प्रवास आणि 2003 मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदासाठी भरलेली, पण मतदानापूर्वीच मागे घेतलेली उमेदवारी, एवढे सगळे होईपर्यंत वय पन्नाशी ओलांडून गेले होते. मात्र या काळात जोडलेली माणसे हेच त्यांचे खरे भांडवल ठरले. संकेतस्थळ सुरू करताना केनेथ लेरर आणि जोना पेरेटी यांच्यासारखे सहसंस्थापक सोबत होते, आणि आरंभीच्या लेखकांत इतिहासकार आर्थर श्लेसिंजर यांच्यापासून विनोदी अभिनेते लॅरी डेव्हिड यांच्यापर्यंत अनेक नामवंत होते.

वाचक म्हणून मला आजही सर्वाधिक भावते ते मुखपृष्ठ. रुंदी व्यापणारा एकच ठसठशीत मथळा, त्याला साजेसे मोठे छायाचित्र आणि खाली बाकीच्या बातम्या, अशी ती मांडणी असते. दिवसाची मुख्य बातमी कोणती, याचा निर्णय संपादकाने घेतला आहे, हे एका दृष्टिक्षेपात कळते. त्या मथळ्यांमागे कसबही होते: एकाच बातमीचे दोन मथळे वेगवेगळ्या वाचकांना दाखवून, ज्यावर अधिक क्लिक येतील तो काही मिनिटांत कायम करण्याची पद्धत त्यांनी फार लवकर अंगीकारली. तिचा दुष्परिणामही उघड आहे. गंभीर वृत्तांताशेजारी तारे-तारकांचा किरकोळ मजकूर येतो आणि चोखंदळ वाचकाला निवड स्वतःच करावी लागते.

सर्वांत मोठा आक्षेप मात्र मोबदल्याचा आहे आणि तो मला अक्षम्य वाटतो. हजारो ब्लॉगलेखकांनी या संकेतस्थळासाठी विनामूल्य लिहिले. 2011 मध्ये एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने ते 31.5 कोटी डॉलरना विकत घेतले, तेव्हा त्या लेखकांच्या हाती काहीच पडले नाही. त्यांच्यातर्फे केलेला दावा 2012 मध्ये न्यायालयाने फेटाळला. कायद्याने तो टिकला नाही, म्हणून त्यामागची तक्रार गैरवाजवी ठरत नाही. अमेरिकेतील विनामानधन लेखनाचे हे व्यासपीठ अखेर 2018 मध्ये बंद झाले.

याच संस्थेने पगारी वार्ताहरांवर खर्च केला, तेव्हा काय साधले तेही पाहण्यासारखे आहे. इराक आणि अफगाणिस्तानातून गंभीर जखमी होऊन परतलेल्या सैनिकांवर डेव्हिड वुड यांनी लिहिलेल्या मालिकेला 2012 मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले. अशा लेखनासाठी वार्ताहराला वेळ द्यावा लागतो, वेतन द्यावे लागते, आणि संपादकाला धीर धरावा लागतो.

एरियाना 2016 मध्ये बाहेर पडल्या आणि त्यांनी ‘थ्राइव्ह ग्लोबल’ ही आरोग्य आणि कामाचा ताण या विषयांवरची कंपनी काढली. 2007 मध्ये थकव्याने कोसळून त्यांच्या गालाचे हाड मोडले होते, त्या अनुभवाचा या निर्णयात मोठा वाटा होता. 2014 मध्ये सुरू झालेली हफपोस्टची भारतीय आवृत्ती नोव्हेंबर 2020 मध्ये बंद पडली. पुढे हफपोस्टची मालकी बझफीड या अमेरिकी डिजिटल माध्यम कंपनीकडे गेली आणि 2021 मध्ये मोठी कर्मचारीकपात झाली. तरीही अमेरिकी राजकारण समजून घेऊ इच्छिणाऱ्यांना मी हे संकेतस्थळ सुचवीन, कारण त्याचा डावा कल लपवलेला नाही. शोधवृत्तांत आधी उघडावेत, आणि तोच विषय भिन्न मताच्या एखाद्या वृत्तपत्रातही वाचावा.