अक्षरकार्डांना डबे की कप्प्यांचा पडदा?

ताई, पोरांची अक्षरकार्डं कशात ठेवायची म्हणून विचारलंत तुम्ही. खोली एवढीशी, त्यात मराठीची कार्डं वेगळी, कन्नडची वेगळी, म्हणून गोंधळ व्हायलाय ना तुमचा. खर्चाला पडदा, म्हणजे भिंतीला टांगायचं कप्पे शिवलेलं कापड, स्वस्त, जुन्या चादरीचा टेलरकडनं शिवून घेतला की झालं, जमीन पण अडत नाही. पण आमच्या खानापूरकडच्या पावसात भिंतीला ओल येते, माझी कार्डं जुलैत पापडासारखी वाकडी झालेली! झाकणाचे डबे टिकतात, फक्त एकावर एक रचले की पोरांना नेमका खालचाच पाहिजे असतोय, मग सगळं फरशीवर. आवरायला पडदाच बरा, पोरं आपली आपण कार्ड खोचतात, हात पोचेल एवढ्यावर लावा म्हणजे झालं.

भिंत कोरडी असेल तर पडदा घ्या. ओल असेल, नाहीतर रोज सामान उचलून कपाटात टाकायचं असेल तर डबेच, मराठीला लाल झाकण, कन्नडला पिवळं.